रोजचं काय?

आमच्या शाळेतले काळबांडे सर मुलांना कंटाळा दाखवायला नेत असत.

बाकीच्या शाळांतले शिक्षक मुलांना धरण दाखवतात, दूध डेअरी दाखवतात, विज्ञान प्रदर्शन दाखवतात. काळबांडे सर नववी-दहावीची चार-सहा मुलं घेत, दुपारचे डबे खाऊन झाले की शाळेबाहेर पडत, आणि एखाद्या कामाच्या जागी, ते काम सगळ्यात रटाळ असतं अशा वेळी, त्यांना नेऊन बसवत. बोलायचं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं बसायचं आणि पाहायचं. परतीच्या वाटेवर ते एवढंच विचारत, "पाह्यला कंटाया? सहन होईन का तुले?"

याला ते करिअर मार्गदर्शन म्हणत.

मी त्याच शाळेत ग्रंथपाल आहे. अमरावतीतली जुनी अनुदानित शाळा. काळबांडे सरांचा विषय भूगोल. मार्गदर्शनाचं काम त्यांच्याकडे आलं ते शाळेत घंटा, पाण्याची टाकी आणि गणपतीची वर्गणी जशी कुणाकडे तरी येते, तसं. ज्या बाईंनी त्याचं प्रशिक्षण घेतलं होतं त्या निवृत्त झाल्या. मुख्याध्यापकांनी सभेत विचारलं, हे कोण सांभाळणार? सगळे टेबलाकडे पाहू लागले. काळबांडे सर एकटेच खिडकीबाहेर पाहत होते, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. आठवडाभराने ते मला म्हणाले, "राऊत, या पोट्ट्यायले सगळे कामाचं तोंड दाखवून राह्यले. पावडर लावलेलं. मी पाठ दाखवतो."

उंच, हडकुळा माणूस. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा, हिवाळ्यात तोच दुपट्टा गळ्याला. लग्न केलं नाही. भातकुलीकडे भावाचं घर आणि वावर, पण हे अमरावतीतच एका खोलीत राहत. भावाकडे सणावारी जात आणि जेवण झालं की परत येत. त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असे, आणि तो ते सगळ्यांना विचारत.

"सर, मले पायलट व्हायचं हाय."

"बरं. रोजचं काय?"

"म्हंजे?"

"म्हंजे इमान उडालं, उतरलं. मंग तू जेवला. मंग पुन्हा उडालं, पुन्हा उतरलं. असं म्हातारा होयलोक. थे सांग."

मुलगा डोकं खाजवी. सर त्याच्याकडे अशा दयेने पाहत, जणू त्याचं विमान आताच पडलं आहे.

हा प्रश्न मुलांपुरता राहिला असता तर ठीक होतं. आमच्या एका सहकारी बाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा काळबांडे सरांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

"पुण्याला आयटीत आहे."

"थे नाही हो. घरी आल्यावर काय करते? बोलते का, का मोबाइल पाहते? रोजचं काय?"

बाईंनी पत्रिका परत घेतली नाही, एवढंच. लग्नात सरांच्या ताटात जिलबी पडली नाही असं ते नंतर सांगत होते.

एकदा त्यांनी मुलांना एका सरकारी कचेरीत नेलं. तिथल्या बाबूंना आधी सांगितलेलं नव्हतं. सहा मुलं भिंतीलगतच्या बाकावर ओळीने बसली आणि टक लावून पाहू लागली. शेजारी हा उंच माणूस, हाताची घडी घालून. कचेरीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, वरून तपासणी आली. एका बाबूने पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्याने बांधलेले गठ्ठे सोडले. पाहता पाहता तिथे असं काम सुरू झालं की बाहेर झाडाखाली बसलेले लोक आत धावले, आणि ज्यांना पुढल्या महिन्यात बोलावलं होतं त्यांचे दाखले हातात पडू लागले. एक म्हातारी तर मुलांच्या पाया पडायला आली.

काळबांडे सर संतापले. उठून मोठ्या बाबूसमोर उभे राहिले. "तुमी काम काहून करून राह्यले?"

"अं?"

"आमी कंटाया पाह्यले आलो इथं. तुमी रोजच्यासारखं बसा न बाप्पा!"

मुलांचं त्या दिवशीचं शिक्षण वाया गेलं, असं त्यांचं ठाम मत होतं. जाताना दाराशी बसलेला शिपाई मात्र हळूच म्हणाला, "सर, पुन्हा कधी येसान?"

मग एक दिवस ते चार मुलं-मुली घेऊन ग्रंथालयात आले. मी नोंदी करत होतो. त्यांनी मुलांना समोरच्या बाकावर बसवलं आणि मला म्हणाले, "पुस्तकवाले, तुमी आपलं चालू द्या."

"काय चालू देऊ?"

"जे काही चालू असते थे."

त्या वेळेला ग्रंथालयात काहीच चालू नसतं. पंखा फिरतो. मी पुस्तक वाचायला घेतलं, पण आठ डोळे आपल्यावर असताना एक ओळ पुढे सरकेना. पान उलटलं नाही तर संशय येईल म्हणून न वाचताच उलटलं. बऱ्याच वेळाने एक मुलगी कुजबुजली, "सर, हे झोपले का?"

"नाही. डोये उघडे हायत," काळबांडे सर म्हणाले. "नीट पाहा. याचा पगार भेटते."

त्या दिवशी मी रागावलो होतो. पण मुलं गेल्यावर ते मागे थांबले, माझ्या डब्यातली जवसाची चटणी बोटाने खाल्ली आणि म्हणाले, "त्यातली एक पोट्टी तुमच्याकडे पाहून हसून राह्यली होती. तिले जमन हे काम." तेव्हापासून आमची मैत्री. ते मला राऊत म्हणत, आणि मस्करीत असले की पुस्तकवाले.

मेळघाटची गोष्ट शाळेत अजून सांगतात. दहावीच्या काही मुलांना जंगलाचं वेड लागलं होतं. सगळ्यांना वाघाचे फोटो काढून नाव कमवायचं होतं. काळबांडे सर त्यांना सेमाडोहला घेऊन गेले. मुलं जिप्सीत बसायला धावली, तर यांनी त्यांना एका वनरक्षकाच्या चौकीत नेऊन बसवलं. तो वनरक्षक पाणवठ्याला पाणी आहे का ते पाहून आला, जेवला, भांडं घासलं, आणि बसला. मुलंही बसली. वाघ आला नाही. सांबर आलं नाही. एक माकड आलं आणि त्यांचे पेरू घेऊन गेलं. मुलं चिडून रडकुंडीला आली. फक्त त्यांच्यातला सगळ्यात दंगेखोर, ज्याला वर्गात पाच मिनिटं बसता येत नसे, तो चौकीच्या पायरीवर गप्प बसून होता. ऊन कलल्यावर म्हणाला, "सर, मी नाही येत. मले अठीच राहू द्या."

तो आज वनखात्यात आहे. काळबांडे सरांच्या यशाचं उदाहरण म्हणून मी हे सांगतो तेव्हा ते वैतागतात. "यश कायचं? आता थो पेरू माकडाले स्वतः देते."

मध्यंतरी शाळेत मोबाइलवरची कलचाचणी आली. मुलांच्या आधी यांनी स्वतः दिली. निकाल आला, गणवेशधारी सेवा. तो त्यांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. "यंत्र म्हनते मी पोलिसात जावं. गुडघ्यायले इचारून सांगतो."

हसू येतं खरं, पण या सगळ्याच्या तळाशी एक कोरडेपणा होता आणि तो अनेकांना लागे. काळबांडे सर खोटा धीर देत नसत. मुलगा विचारी, "सर, मी पास होईन न?" ते म्हणत, "नाही. पुरवणीले होशीन." आणि तसंच होई. पालक येत. एक संत्राबागाईतदार वडील गाडीतून उतरून थेट वर्गात शिरले होते. "माया पोराच्या डोक्यात काय भरून राह्यले तुमी? त्याले डॉक्टर करायचं हाय."

"कोनाले करायचं हाय?"

"मले!"

"मंग तुमी व्हा. परीक्षेले वय नाही इचारत आता." मग म्हणाले, "त्याले रक्त पाह्यलं का चक्कर येते, दादा. मी त्याले दवाखान्यात बसवून पाह्यलं. तीन नर्सायनं उचलला."

माझ्या बायकोला, सुनंदाला, हा माणूस अजिबात आवडत नसे. त्याला कारण होतं. तिचा भाचा आमच्याकडे शिकायला होता. बँकेच्या परीक्षेची तयारी करायची असं घरात ठरलेलं. काळबांडे सरांनी त्याला एक दुपार बँकेत बसवलं. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, मावशी, मी मरेन पण तिथे बसणार नाही. आता तो गावी संत्र्याची कलमं विकतो, बरा आहे. पण सुनंदाने काळबांडेंना कधी माफ केलं नाही. "अपशकुनी मास्तर" हे तिने ठेवलेलं नाव. ते घरी आले की ती चहा पाठवी, स्वतः बाहेर येत नसे.

ती गेली तेव्हा श्रावणी, आमची मुलगी, दहावीत होती. आजार लांबला होता. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत एक तरुण डॉक्टरबाई रोज यायची, सुनंदाच्या कपाळाला हात लावून बोलायची. एकदा ती गेल्यावर सुनंदाने श्रावणीचा हात धरला. "तू अशीच हो. होशीन न?"

"होईन," श्रावणी म्हणाली.

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. तेवढंच झालं.

लोक भेटायला आले. वेळ हेच औषध म्हणाले, ती सुटली म्हणाले. काळबांडे सर आले, दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बसले. निघताना म्हणाले, "राऊत, त्रास होईन. लय दिवस होईन." त्या सगळ्या बोलण्यांत तेवढंच वाक्य माझ्या उपयोगी पडलं. सकाळी उठल्यावर त्रास झाला की वाटे, हे तर सांगितलंच होतं.

दहावीचा निकाल लागल्यावर श्रावणी म्हणाली, मी अकोल्याला जाते. आमच्या भागात 'अकोल्याला पाठवलं' एवढंच म्हणतात. कशासाठी ते सांगावं लागत नाही. चौकाचौकांत मेडिकलच्या शिकवणी वर्गांचे आणि डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे फलक. एकदा तिथल्या स्टँडबाहेर काळबांडे सर त्या फलकांकडे पाहत म्हणाले होते, "एवढे सगळे एकाच वक्ती हसून राह्यले. एकाचाबी दात दुखत नाही?"

दोन वर्षं ती तिथे राहिली. बारावीनंतर नीटमध्ये फारच कमी गुण पडले. तिने पुन्हा बसायचं ठरवलं आणि पुन्हा अकोल्याला गेली. फोनवर मी विचारी, जेवली का? ती म्हणे, जेवली. मी विचारी, झोप होते का? ती म्हणे, होते. एका रविवारी गेलो तर दारात जी मुलगी आली तिला ओळखायला मला एक क्षण लागला. केस विरळ झाले होते. बोलताना ती बोटांची नखं सोलत होती.

मी म्हणालो, "बेटा, जमत नसन तं सोडून देऊ. मले काही वाटनार नाही."

ती म्हणाली, "बाबा, मी आईले कबूल केलं हाय."

जिवंत माणसाला दिलेला शब्द परत मागता येतो. त्याच्या पाया पडता येतं, भांडता येतं. इथे ज्याच्याकडे मागायचा तेच माणूस नव्हतं. आणि तिच्या वतीने 'जा, सोडलं तुला' असं म्हणायचा अधिकार मला आहे असं मला वाटेना. सुनंदाच्या जागी उभं राहून मी कधी काही बोललो नव्हतो.

काळबांडे सरांना सांगितलं. शाळा सुटली होती, आम्ही सायकलस्टँडपाशी उभे होतो. ते म्हणाले, "येत्या रविवारी मी येतो."

बडनेऱ्याहून गाडीने गेलो. त्यांनी अमरावतीहून गिलावडे, आमच्याकडचे दहीवडे, बांधून घेतले होते. दह्याचा डबा वेगळा, तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून बसले होते. मला ठाऊक होतं ते काय करणार. तिला एखाद्या दवाखान्यात नेऊन बसवतील, कंटाळा दाखवतील, आणि तिच्या तोंडून 'नको' येईल. मला त्यांच्या पद्धतीवर पहिल्यांदाच विश्वास ठेवावासा वाटत होता.

तसंच झालं. एका मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघे बाकावर बसलो. दुपार होती. तपासणीची वेळ संपलेली, एक आया फरशी पुसत होती, कुणाचा तरी म्हातारा बाप स्ट्रेचरवर झोपला होता. श्रावणीने गिलावडा खाल्ला नाही. काळबांडे सरांनी तिचा वडा पुडक्यात परत ठेवला. मग त्यांनी विचारलं, "काय बेटा. हे रोजचं हाय. पाह्यलं?"

"सर, मी पाह्यलं हाय," ती म्हणाली. "आईजवळ होती न मी. फिनाइलचा वास, सलाइन संपलं का पाहनं, रात्रीचं जागनं. तुमी दाखवायच्या आधीच पाह्यलं. मले हे नाही आवडत. मले थ्या वासानंच मळमळते."

"मंग?"

"मंग काही नाही. मी करनार."

काळबांडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना असं पाहताना मी पाहिलं नव्हतं. त्यांच्याजवळ एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर हिला आधीपासून येत होतं.

आयाने आमचे पाय वर करायला लावले, खालून पोछा फिरवला. पाय वर धरलेलेच असताना काळबांडे सर म्हणाले, "तुयी आई आली होती मायाकडे."

श्रावणीने मान वळवली. "कधी?"

"दवाखान्यात भरती व्हायच्या आधी. शायेत. तुये बाबा त्या दिवशी पुस्तकं आनाले गेले होते."

"आई? तुमच्याकडे?"

"भांडाले आली होती. त्या भाच्यावरून. चप्पल दाराबाहेर काढली आनि आत येऊन मले जे बोलली, जे बोलली! सारा वर्ग ऐकत होता." त्यांनी पाय खाली ठेवले. "मंग दमली. बसली. पानी मांगतलं. म्हने, सर, मायी पोरगी हट्टी हाय. एखादी गोष्ट कबूल केली का जीव गेला तरी सोडत नाही. मी आजारी मानूस, उद्या तिले काहीबाही मागून बसीन, थे हो म्हनन. तिले झेपलं तं ठीक. नाही झेपलं तं तुमी सांगजा तिले, का आईनं सोडलं म्हना."

"मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

"झेपत होतं तवर सांगाचं नव्हतं. थे तसंच म्हनली."

पुस्तकं आणायला मी वर्षातून एकदा जातो, शाळा सुरू होताना. सुनंदा भरती झाली ती थंडीत. आणि त्याआधीचे कितीतरी दिवस तिला पलंगापासून दारापर्यंत यायला माझा हात लागत असे. शाळेचा जिना ती कसा चढली असती?

श्रावणी माझ्याकडे पाहत होती. "बाबा, खरं हाय हे?"

मी म्हणालो, "तिच्या भांडनात मी कधी आड आलो का?"

ती हसली. आधी नुसतीच हसली, म्हणाली, "आई भांडालेच गेली असन, दुसऱ्या कशाले जाईन!" मग हसता हसता तोंडावर ओढणी धरली आणि खांदे हलू लागले. आया थांबून पाहत राहिली. काळबांडे सर दह्याच्या डब्याचं झाकण उघडत होते, ते काही केल्या उघडत नव्हतं.

"मले घरी यायचं हाय," श्रावणी म्हणाली.

त्याच दिवशी ती आमच्याबरोबर आली. गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि मूर्तिजापूर गेलं तरी उठली नाही. तेव्हा काळबांडे सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "राऊत, हेडमास्तरायले उद्या सांगतो. मार्गदर्शनाचं दुसऱ्या कोनाले द्या म्हनतो."

"काहून?"

"पोट्ट्यायले आजपावतो खरं सांगत आलो. लोकं शिव्या देत, पन थे पोट्टे इस्वास ठेवत. आज समजलं का मले खोटं चांगलं जमते." दह्याचा डबा पिशवीत सारला. "एकदा जमलं का मानूस पुन्हा करते."

मी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी मुख्याध्यापकांना डोळ्यांचं कारण सांगितलं. आता एक तरुण शिक्षक ते काम बघतो. पडद्यावर चित्रं दाखवतो, मुलांना आवडतं. दुपारी काळबांडे सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. कुणी मूल वाट चुकून त्यांच्याकडे काही विचारायला आलं तर म्हणतात, "थ्या सरायले इचार. मी आता भूगोल फक्त."

श्रावणी इथल्याच कॉलेजात बी.ए. करते. पुढे काय, ते तिला माहीत नाही, मलाही नाही. जेवते. झोपते.

सुनंदाच्या यंदाच्या श्राद्धाला काळबांडे सर आले होते. जेवण झाल्यावर श्रावणीने त्यांच्यासमोर बसून विचारलं, "सर, आई अजून काय म्हनली त्या दिवशी?"

मला वाटलं ते टाळतील. त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला, छताकडे पाहिलं. "म्हने, सर, तुमच्या शर्टाची कॉलर उसवली. शिवून काहून नाही घेत?"

श्रावणी आनंदली. त्यानंतर ते अधूनमधून येतात, रविवारी संध्याकाळी, आणि ती दर वेळी विचारते. ते दर वेळी थोडं सांगतात. सुनंदा त्यांना म्हणाली, तुमी लय वाळले. म्हणाली, खोलीवर एकटे काय शिजवता, का नुसते चहावर राहता? म्हणाली, ताप आला तं पानी द्याले कोनी हाय का? एकदा म्हणाली, दुपट्टा धुवाले देत जा.

आमच्या सुनंदाला माझीही कॉलर कधी दिसली नव्हती. हे बोलणं तिचं नाही, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. ते कुणाचं आहे, हे कळायला थोडा वेळ लागला. त्या खोलीत इतकी वर्षं कुणीच त्यांना हे विचारलं नव्हतं.

परवा ते आले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो. बाहेर श्रावणीने विचारलं, "आनि मंग?" काळबांडे सर खाकरले. चहा उकळत होता आणि त्याच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. मी गॅस बारीक केला आणि दाराशी येऊन उभा राहिलो.